पन्हाळा ते टांगाइल : झेप आणि तिचे गणित

(पन्हाळगडावर तरुणांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काही पालकांच्या कपाळावर आठ्या उमटल्या असतील. घरातला मुलगा संगणकासमोर बसून युद्धाचे खेळ खेळतो, विमानातून छत्रीधारी सैनिक उतरवतो, पूल काबीज करतो, आणि जेवायला हाक मारली तरी उठत नाही. या वेडाला अभ्यासवर्गात स्थान कशासाठी, असा प्रश्न त्यांना पडणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या गडावर आपण बसलो आहोत, त्या गडानेच या खेळाचे दोन डाव पाहिले आहेत. एक हरलेला आणि एक जिंकलेला. दोन्ही डाव खरे होते, रक्ताचे होते. शत्रूच्या पोटात अचानक उतरायचे, मोक्याची जागा धरायची आणि पाठीमागचे सैन्य येईपर्यंत ती सोडायची नाही, हे हवाई झेपेचे सूत्र आहे. विमान विसाव्या शतकात आले. सूत्र मात्र सह्याद्रीला त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते.

म्हणून आज तीन गोष्टींचा विचार करायचा आहे. युद्धाचा खेळ ही काय चीज आहे? झेपेचे नियोजन कसे असते? आणि खेळात जे दिसत नाही, ते प्रत्यक्षात किती महाग पडते?

खेळ आणि पंच

बुद्धिबळ आपल्या भूमीतले. चतुरंग या नावातच सेनेची चार अंगे आहेत. पण बुद्धिबळाच्या पटावर सारे काही उघड असते. शत्रूचा हत्ती कुठे उभा आहे, हे दोघांनाही दिसते. युद्धात तसे नसते. डोंगरापलीकडे काय आहे, हे सेनापतीला ठाऊक नसते आणि जे ठाऊक आहे असे वाटते, ते अनेकदा चुकीचे असते.

ही उणीव प्रशियातील राइसवित्झ पितापुत्रांनी ओळखली. पित्याने १८१२ च्या सुमारास राजाला एक युद्धपट करून दिला. पुत्र सैन्यात अधिकारी होता. त्याने १८२४ मध्ये त्या पटाला शिस्तबद्ध रूप दिले. खऱ्या भूभागाचा नकाशा, दोन पक्ष, परस्परांपासून लपवलेल्या सोंगट्या, दैवाचा वाटा म्हणून फासे, आणि मध्ये एक पंच. प्रशियाचे सेनाप्रमुख म्युफलिंग यांनी तो पाहिला आणि हा करमणुकीचा प्रकार नसून युद्धाची शाळा आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. पलटणीपलटणींत तो पोहोचला. आज जगातील प्रत्येक सैन्याचे अधिकारी वाळूच्या प्रतिकृतीवर, नकाशावर वा संगणकावर अशीच लढाई आधी लढतात.

या रचनेतला सर्वांत महत्त्वाचा घटक कोणता? नकाशा नव्हे, सोंगट्या नव्हेत, फासेही नव्हेत. पंच. जो स्वपक्षाला रुचणार नाही असा निकाल देऊ शकतो, तो पंच. तो प्रामाणिक नसेल तर काय होते, याचे उदाहरण जपानने दिले. मे १९४२ मध्ये मिडवे बेटावरील मोहिमेचा सराव युद्धपटावर घेण्यात आला. फाशांनी निकाल दिला की अमेरिकन विमानांचे ९ बॉम्ब जपानी विमानवाहू नौकांवर पडले. मुख्य पंच होते ॲडमिरल उगाकी. त्यांनी ९ चे ३ केले आणि बुडालेली एक नौका पुढच्या डावात पुन्हा तरंगायला लावली. हा प्रसंग जपानी नौदलाचे वैमानिक फुचिदा यांनीच नंतर लिहून ठेवला. जूनच्या पहिल्या आठवड्यात खऱ्या समुद्रावर जपानच्या चार विमानवाहू नौका तळाशी गेल्या. तिथे फासे बदलायला कुणी पंच नव्हता.

युद्धपटावर हरणे हे लाजिरवाणे नाही. पटावरचा पराभव लपवणे मात्र प्राणघातक आहे. ही एक गोष्ट मनात धरून आता गडाकडे वळू.

पन्हाळ्याचे दोन डाव

अफझलखानाच्या वधानंतर अवघ्या १८ दिवसांत, २८ नोव्हेंबर १६५९ रोजी, पन्हाळा स्वराज्यात आला. पुढे १६६० मधला सिद्दी जौहरचा वेढा, शिवा काशीदांचे आत्मार्पण, घोडखिंडीत बाजीप्रभूंनी दिलेली झुंज हे सारे लहानथोरांना मुखोद्गत आहे. त्याच वर्षी गड आदिलशाहीकडे द्यावा लागला. त्यानंतरचा भाग मात्र आपण भराभर ओलांडून जातो.

१६६५ च्या जून महिन्यात पुरंदरचा तह झाला. त्या तहानुसार महाराजांना मिर्झाराजा जयसिंहाच्या बरोबर विजापूरविरुद्धच्या मोहिमेत जावे लागले. या मोहिमेत, १६ जानेवारी १६६६ च्या पहाटे, महाराजांनी पन्हाळ्यावर एकाएकी हल्ला केला. योजना उत्तम होती. रात्रीचा अंधार, वेगवान चाल, अनपेक्षित घाव. पण दोन गोष्टी बिघडल्या. गडावरची शिबंदी सावध निघाली, आणि सरनौबत नेताजी पालकर ठरल्या वेळी कुमक घेऊन पोहोचले नाहीत. सुमारे हजार माणसे कामी आली वा जायबंदी झाली. सूर्य वर आला, आणि महाराजांना खेळण्याकडे, म्हणजे विशाळगडाकडे, माघार घ्यावी लागली.

नेताजींना उशीर का झाला, याची चर्चा इतिहासकारांनी खूप केली आहे. त्यांची सरनौबती गेली. ती पुढे कडतोजी गुजरांकडे आली. नेताजी आधी विजापूरकडे आणि मग मोगलांकडे गेले, कैद झाले, धर्मांतरित झाले, काबूलच्या मोहिमेवर धाडले गेले, आणि १६७६ मध्ये महाराजांच्या छायेत परतून पुन्हा स्वधर्मात आले. एका रात्रीच्या चुकलेल्या भेटीची किंमत एका पराक्रमी पुरुषाने दहा वर्षे मोजली. हजार घरांनी ती कायमची मोजली.

आता दुसरा डाव. साल १६७३. आदिलशहाच्या मृत्यूनंतर विजापूरच्या दरबारात गोंधळ माजला होता. अण्णाजी दत्तो यांच्याकडे पन्हाळ्याचे काम सोपवण्यात आले. राजापुरास मसलत झाली. प्रत्यक्ष चढाईसाठी कोंडाजी फर्जंद पुढे आले. त्यांनी बरोबर किती माणसे घेतली? हजार नव्हेत, पाचशे नव्हेत. फक्त ६०. अण्णाजीपंत मोठे सैन्य घेऊन मागे रानात दबा धरून राहिले. ६ मार्च १६७३, फाल्गुन वद्य त्रयोदशी. या तिथीला चंद्र पहाटेच्या तोंडावर उगवतो, म्हणजे सारी रात्र काळोखाची. जो कडा चढण्याजोगा नाही असे शत्रू समजत होता, त्याच कड्याने ही माणसे वर आली. वर येताच निरनिराळ्या बाजूंनी एकदम कर्णे फुंकले गेले. झोपेतून उठलेल्या शिबंदीला वाटले की चारही अंगांनी मराठ्यांची फौज शिरली. किल्लेदार बाबूखान कोंडाजींच्या हातून पडला, बाकीच्यांचा धीर सुटला, आणि एका रात्रीत पन्हाळा स्वराज्यात आला. जयराम पिंडे या कवीने या विजयावर ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ हे संस्कृत काव्य रचले.

गड तोच. कडे तेच. धनी तेच. १६६६ मध्ये अपयश आणि १६७३ मध्ये यश, हे कसे? शौर्य कमी होते म्हणून १६६६ मध्ये हार झाली, असे कोणी म्हणू शकणार नाही. फरक पडला तो नियोजनात. माणसे थोडी, म्हणून चाहूल कमी. वाट अवघड, म्हणून पहारा ढिला. कुमक दूरच्या मुलुखातून यायची नव्हती, ती आधीच जवळ येऊन बसली होती. आणि संख्येची उणीव कर्ण्यांच्या आवाजाने भरून काढली होती. पहिल्या डावातील प्रत्येक चूक दुसऱ्या डावात दुरुस्त झालेली दिसते. पराभवाचा निकाल महाराजांनी बदलला नाही. त्यातून धडा घेतला. प्रामाणिक पंच तो हाच.

आकाशातून उतरणाऱ्याची दुबळी बाजू

संगणकावरच्या खेळात छत्रीधारी सैनिक हा सर्वांत मोहक मोहरा असतो. कुठेही टाका, कधीही टाका. प्रत्यक्षात तो जमिनीला पाय लागल्यानंतरच्या पहिल्या तासात सर्वांत दुबळा सैनिक असतो. त्याच्यापाशी रणगाडा नाही, जड तोफ नाही. दारूगोळा अंगावर वाहून आणला तेवढाच. वाऱ्याने सोबती विखुरलेले. शत्रू मात्र आपल्या घरात, आपल्या रस्त्यांवर. म्हणून झेपेचे नियोजन उलट्या क्रमाने करावे लागते. आधी ठरवायचे, की यांना येऊन मिळणारे सैन्य किती तासांत पोहोचेल. तेवढे तास हे तग धरतील का? मग लक्ष्य कोणते. मग लक्ष्याच्या जवळात जवळ उतरण्याजोगी मोकळी जागा कोणती. मग वेळ, वारा, उजेड. मग विमाने किती आणि किती फेऱ्या. सर्वांत शेवटी उडी.

हा क्रम चुकला की काय होते, ते हॉलंडमधील आर्नेमने जगाला दाखवले. १७ सप्टेंबर १९४४ रोजी ब्रिटिशांची हवाई डिव्हिजन ऱ्हाईनवरील पूल घेण्यासाठी उतरली. विमाने अपुरी, म्हणून माणसे तीन दिवसांत मिळून उतरवायची ठरली. उतरण्याची जागा पुलापासून दहा-बारा किलोमीटर दूर. म्हणजे पहिल्या दिवशी उतरलेल्यांपैकी निम्म्यांनी जागा राखत बसायचे आणि उरलेल्यांनी पुलाकडे धावायचे. अचानकपणाचा लाभ पहिल्याच संध्याकाळी संपला. बिनतारी संच नीट चालले नाहीत. पुलापर्यंत पोहोचले ते कर्नल फ्रॉस्ट यांचे सुमारे साडेसातशे जवान. त्यांनी पुलाचे उत्तर टोक तीन दिवस आणि चार रात्री झुंजून धरले. पण दक्षिणेकडून यायचे सैन्य आलेच नाही. सुमारे दहा हजार गेलेल्यांपैकी नदी ओलांडून परतले ते अडीच हजारांहून कमी.

आणि इथेही एक गप्प केलेला पंच होता. ब्रायन अर्क्युहार्ट या तरुण गुप्तवार्ता अधिकाऱ्याने हवाई छायाचित्रांत आर्नेमजवळ जर्मन रणगाडे पाहिले होते. त्यांनी ते वरिष्ठांना दाखवले. वरिष्ठांनी त्यांना थकवा आल्याचे कारण सांगून विश्रांतीसाठी घरी पाठवले. उगाकींनी फासे बदलले. इथे छायाचित्र दाखवणारा माणूसच बदलला. फळ एकच.

याच लढाईवर १९९७ मध्ये ‘क्लोज कॉम्बॅट : अ ब्रिज टू फार’ हा संगणकीय खेळ निघाला. जगभरच्या मुलांनी तो खेळला आणि त्यांतल्या अनेकांनी आर्नेमचा पूल जिंकूनही दाखवला. खेळात तो जिंकता येतो, कारण खेळणाऱ्याला आधीच माहीत असते की रणगाडे कुठे आहेत.

टांगाइल : मराठ्याने धरले, मराठ्याने येऊन गाठले

आता आपल्या घरच्या उदाहरणाकडे येऊ. ते जितके अभिमानाचे आहे, तितकेच अभ्यासाचे आहे.

१९७१ चे बांगलादेश मुक्तियुद्ध. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच आपल्या हवाईदलाने ढाक्याची धावपट्टी निकामी केली होती आणि पूर्वेकडील पाकिस्तानी विमाने जमिनीवर खिळली होती. आकाश आपले झाले होते. ही झेपेची पहिली अट. उत्तरेकडून ब्रिगेडिअर हरदेवसिंग क्लेर यांची ९५ माउंटन ब्रिगेड जमालपूरच्या दिशेने उतरत होती. जमालपूर आणि मैमनसिंगचे पाकिस्तानी सैन्य मागे सरून ढाक्याच्या रक्षणाला जाऊन मिळाले असते, तर राजधानीची लढाई लांबली असती. त्यांच्या वाटेवर टांगाइलच्या उत्तरेस लोहाजंग नदीवरचा पुंगलीचा पूल. तो पूल धरला की दार बंद.

या कामासाठी निवडली गेली ती दुसरी पॅरा बटालियन. तिच्या नावापुढे कंसात एक शब्द होता : मराठा. ही मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. रायगड जिल्ह्यातील यशवंत घाडगे यांना इटलीच्या रणभूमीवर १९४४ मध्ये मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो याच पलटणीत. नेतृत्व होते लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्याकडे. जवान मराठी मातीतले आणि सेनानी पंजाबचा. भारताचे सैन्य कसे घडले आहे, याचे याहून सुंदर चित्र कोणते?

तयारी पाहा. कॅप्टन पी. के. घोष यांना आधीच शत्रूच्या मुलुखात धाडण्यात आले. तिथे कादर सिद्दीकी यांची मुक्तिवाहिनी होती, टांगाइलच्या खेड्याखेड्यांत मुरलेली. त्यांच्या साह्याने उतरण्याची जागा निश्चित झाली. नकाशावर नव्हे, पायांनी चालून. ११ डिसेंबर रोजी कलाईकुंडा आणि दमदम येथून विमाने निघाली. एएन-१२, पॅकेट, डाकोटा अशी निरनिराळ्या वेगांची विमाने होती, आणि ती एका वेळी एका जागेवर आणायची होती. दुपारी साडेचारच्या सुमारास आकाश छत्र्यांनी भरले. सातशेहून अधिक जवान, सोबत हलक्या तोफा आणि जीपगाड्या.

ही वेळच का? डिसेंबरात तिकडे सव्वापाचच्या आत सूर्य मावळतो. उतरून एकत्र येण्यापुरता उजेड आणि त्यानंतर हालचाल झाकणारा अंधार, असा दोन्हींचा लाभ या घटिकेत होता. कृष्ण पक्ष असल्याने चंद्र मध्यरात्रीनंतर उगवायचा होता. कोंडाजींची त्रयोदशी आठवते ना? तीनशे वर्षांनंतर अंधाराचे गणित तेच होते.

सर्व काही ठरल्याप्रमाणे झाले, असे मात्र नाही. काही जवान नियोजित जागेपासून दूर पडले. काही सामान तळ्यांत आणि चिखलात गेले. पण आजूबाजूचे गावकरी धावून आले. त्यांनी सामान खांद्यावर वाहून आणले, वाटा दाखवल्या. आर्नेमच्या आणि टांगाइलच्या झेपेत हा मोठा भेद होता. आपले जवान शत्रूच्या ताब्यातील मुलुखात उतरले खरे, पण त्या मुलुखातील जनता त्यांची वाट पाहत होती. सायंकाळनंतर पूल ताब्यात आला. रात्री उत्तरेकडून मागे येणाऱ्या पाकिस्तानी तुकड्या पुलावर येऊन धडकल्या. त्यांनी पुन्हा पुन्हा हल्ले केले आणि प्रत्येक वेळी मोठी हानी सोसून मागे हटल्या.

आणि येऊन मिळायचे सैन्य? १२ डिसेंबरच्या संध्याकाळी ते पोहोचले. ती पलटण होती पहिली मराठा लाइट इन्फन्ट्री, १७६८ मध्ये उभी राहिलेली ‘जंगी पलटण’. नेतृत्व लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांचे. अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधील, नामदेव जाधव यांनी १९४५ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला तो याच पलटणीत. दहाच्या रात्री हीच पलटण जमालपूरच्या दक्षिणेस शत्रूची वाट अडवून लढली होती. विश्रांती न घेता ती पुढे निघाली आणि उडी पडल्यापासून सुमारे चोवीस तासांत पुंगलीला आली. आकाशातून उतरलेल्या मराठ्यांना जमिनीवरून आलेल्या मराठ्यांनी गाठले. १६६६ मध्ये पन्हाळ्याच्या पायथ्याशी जी भेट हुकली होती, तशीच भेट तीनशे पाच वर्षांनी दूरच्या बंगालात वेळेवर झाली. पराक्रमाच्या कथा सांगताना आपण झेप घेणाऱ्याचे नाव घेतो. वेळेवर पोहोचणाऱ्याचे नावही तितक्याच आदराने घ्यायला शिकले पाहिजे.

कर्ण्यांचा आवाज

टांगाइलच्या कथेला एक उपसंहार आहे आणि तो वृत्तपत्रांशी संबंधित आहे. या झेपेच्या बातमीसोबत संरक्षण खात्याचे जनसंपर्क अधिकारी राममोहन राव यांनी एक छायाचित्र प्रसृत केले. छत्र्यांनी गच्च भरलेले आकाश. ते छायाचित्र टांगाइलचे नव्हते. संपूर्ण पॅरा ब्रिगेडच्या आग्र्यातील आधीच्या एका सरावाचे होते. परदेशी वृत्तसंस्थांनी जगाला सांगितले की भारताची पाच हजारांची ब्रिगेड ढाक्याजवळ उतरली. उतरले होते सातशेच. ढाक्यात बसलेल्या नियाझींच्या मनावर व्हायचा तो परिणाम झाला. उत्तरेकडून चिनी मदत येईल या आशेवर असलेल्या काही पाकिस्तानी सैनिकांना तर हे छत्रीधारी चिनीच वाटले, असेही वृत्तांत आहेत.

साठ माणसांचे कर्णे आणि सातशे माणसांचे छायाचित्र. शत्रूच्या मनात संख्या वाढवण्याची युक्ती तीच. मात्र एक विवेक बाळगायला हवा. कर्णे शत्रूसाठी फुंकले होते, स्वतःसाठी नव्हे. साठचे सहाशे झाले असे कोंडाजींनी स्वतः मानले नाही. म्हणूनच त्यांनी साठांना जमेल तेवढेच काम अंगावर घेतले. शत्रूला चकवणे ही युद्धनीती आहे. स्वतःला चकवणे हा आत्मघात आहे. संघटनेत काम करणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे. कार्यक्रमाला दोनशे माणसे आली असतील तर वृत्तात दोनशेच लिहावीत. तेथे समोर शत्रू नसतो, आपलीच माणसे असतात, आणि पुढचे नियोजन त्याच आकड्यावर उभे राहायचे असते.

१६ डिसेंबरच्या सकाळी दुसरी पॅरा बटालियन ढाक्याच्या वेशीवर मीरपूर पुलापाशी होती. मेजर जनरल गंधर्व नागरा यांनी तेथूनच आपल्या जुन्या परिचयाच्या नियाझींना शरणागतीची चिठ्ठी धाडली. ढाक्यात प्रथम प्रवेश करणाऱ्या भारतीय तुकड्यांत हे मराठे होते. त्या दिवशी शत्रूने शस्त्रे ठेवली. सुमारे ९३,००० युद्धबंदी झाले. कर्नल पन्नू यांना महावीरचक्राने गौरवण्यात आले.

न घेतलेली उडी

झेपेच्या अभ्यासात न घेतलेल्या उडीलाही स्थान आहे. ३ नोव्हेंबर १९८८ रोजी मालदीवची राजधानी माले येथे सशस्त्र भाडोत्री घुसले आणि राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी भारताकडे साह्य मागितले. आग्र्यातील ५० पॅरा ब्रिगेडला आज्ञा झाली. ब्रिगेडिअर फारुख बुलसारा आणि ४४ व्या स्क्वाड्रनचे ग्रुप कॅप्टन अनंत बेवूर यांच्यापुढे हाती होते ते काही तास आणि अत्यंत अपुरी माहिती. छत्रीने उतरायचे की विमान थेट धावपट्टीवर उतरवायचे? हुलहुले हे बेट म्हणजे जवळजवळ केवळ एक धावपट्टी, चहूकडे समुद्र. वाऱ्याने थोडेही ढकलले तर पाठीवरच्या ओझ्यासह जवान पाण्यात. अखेर अंधारात, दिवे क्षणभरच लागलेल्या धावपट्टीवर आयएल-७६ विमाने उतरवण्यात आली. आग्र्याहून अडीच हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून त्याच रात्री आपले जवान तेथे पोहोचले आणि पहाटेपूर्वी राष्ट्राध्यक्ष सुरक्षित होते. छत्रीधारी सैनिकांनी छत्री न वापरता मिळवलेला हा विजय. साधनाच्या प्रेमात पडायचे नसते, हा त्याचा धडा.

घरातल्या पटाकडे

आता पुन्हा त्या संगणकासमोर बसलेल्या मुलाकडे येऊ. त्याला उठवावे की बसू द्यावे?

खेळ त्याला काही गोष्टी निश्चित शिकवतो. नकाशा वाचणे, वेळेचे भान, साधनांची मर्यादा, एकाच वेळी चार आघाड्यांचा विचार. हे क्षुल्लक नाही. पण चार गोष्टी खेळ शिकवत नाही. पहिली : खेळात मेलेला सैनिक पुढच्या डावात परत येतो. १६ जानेवारी १६६६ ला पडलेली माणसे परत आली नाहीत. दुसरी : खेळात कुमक कळ दाबली की येते, प्रत्यक्षात कोणीतरी रात्रभर चालावे लागते. तिसरी : खेळात जनता नसते. असलीच तर ती पडद्यामागचे चित्र असते. टांगाइलमध्ये जनता नसती, तर तळ्यात पडलेले सामान तळ्यातच राहिले असते. आणि चौथी : खेळात हरल्यावर तो बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतो. त्यामुळे हरलो का, हे विचारण्याची गरजच उरत नाही.

या चार उणिवा भरून काढणे पालकांच्या आणि कार्यकर्त्यांच्या हाती आहे. त्यासाठी महागड्या यंत्राची आवश्यकता नाही. पन्हाळ्याचा नकाशा जमिनीवर अंथरा. तीन दरवाजा, चार दरवाजाची जागा, सज्जा कोठी, अंबरखाना, शेजारचा पावनगड हे सारे त्यावर मांडा. मुलांचे दोन गट करा. एकाला शिबंदी द्या, एकाला साठ माणसे. दोघांना एकमेकांच्या खुणा दाखवू नका. कुमक कुठून आणि किती प्रहरांत येणार, ते आधी लिहून घ्या. मग वाटेत नदीला पूर आणा, वाटाड्या चुकवा. आणि पंच म्हणून त्या मुलाला नेमा, जो आवडत्या गटाविरुद्धही निकाल देईल. डाव संपल्यावर जिंकलेल्यांचे अभिनंदन थोडक्यात करा. हरलेल्यांशी मात्र तासभर बोला. का हरलो? कोणी सांगितले होते आणि आपण ऐकले नाही? कोण उशिरा आले, आणि त्याला उशीर होईल हे आधी कळण्याजोगे होते का?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचे स्थान दिले, त्यांत पन्हाळा आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु तिथेच थांबून भागणार नाही. वारसा म्हणून केवळ दगडांकडे पाहिले, तर त्यांची छायाचित्रे उरतील. या दगडांनी एक पराभव आणि एक विजय शेजारी शेजारी जपून ठेवला आहे. त्यांतला विजय तेवढा घेऊन आपण घरी गेलो, तर अर्धाच वारसा घेतला असे होईल. आज गड उतरण्यापूर्वी सर्वांनी तटावरून एकदा खाली पाहावे आणि दोन प्रश्न मनाशी धरावेत. इथून वर यायचे असते, तर बरोबर कोणती साठ माणसे घेतली असती? आणि आपण स्वतः रानात थांबणाऱ्यांत असतो, तर ठरल्या घटिकेला पोहोचलो असतो का?